देवाची प्रत, प्रेसची प्रत

ज्या पत्रावर हर्षदाची सही घ्यायची ठरली होती, ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. केशवरावांनी ते स्वतः टाइप करून आणलं होतं. ‘मी वापरत असलेल्या फुकट सॉफ्टवेअरमुळे पुस्तिकेचे मुखपृष्ठ खराब झाले. याची संपूर्ण जबाबदारी माझी असून मी मंडळाची बिनशर्त क्षमा मागते.’ खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली तिचं नाव. क्षमा कोणी मागायची, कशाबद्दल मागायची आणि कोणत्या शब्दांत मागायची, सगळं परस्पर ठरलेलं. मी ते पत्र फाडलेलं नाही. राग थंड व्हायला लागला की काढून वाचते.

हर्षदा हैदराबादेत, आमच्या विद्यानगरच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहते. वय सत्तेचाळीस. माहेर गौळीगुड्यातलं, वडील कोर्टात कारकून होते. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू अशी वाढलेली, त्यामुळे “काकू, परेशान नका होऊ” हे तिचं नेहमीचं वाक्य. नवरा अनिल औषधांच्या कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. बाल्कनीच्या खिडकीपाशी तिचं टेबल आहे. लग्नपत्रिका, लोणच्याच्या बाटल्यांची लेबलं, दवाखान्यांची माहितीपत्रकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, सगळं त्या टेबलावर तयार होतं. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये कुठला तरी अंधूक फोटो दाखवून म्हणतं, “असंच पाहिजे.” त्यापासून प्रेसला सरळ छापता येईल अशी फाइल बनवून देणं, हा तिचा धंदा. वाटतं तितकं सोपं नाही.

त्याआधी अकरा वर्षं ती कोठी भागातल्या एका प्रेसमध्ये नोकरीला होती. तिथे आठ संगणक होते आणि आठही संगणकांवरचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. एकदा तपासणी येणार अशी बातमी आली. मालकाने बाहेरून शटर ओढलं, कुलूप घातलं आणि ऑपरेटर लोकांना आत बसवून ठेवलं. तीन तास. उकाडा, अंधार, पंखासुद्धा लावायचा नाही, आवाज होतो म्हणून. हर्षदा मला म्हणाली होती, “काकू, मी आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही. आणि चोरासारखी टेबलाखाली बसले. त्या दिवशी ठरवलं, माझ्या मशीनवर असं काही ठेवणार नाही की ज्याच्यासाठी शटर ओढावं लागेल.”

मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर दर महिन्याला भाडं भरून घेण्याइतकं काम तिच्याकडे नव्हतं. मग तिने जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, सगळ्यांसाठी खुली असलेली सॉफ्टवेअर्स शिकून घेतली. चित्र काढायला इंकस्केप, फोटो साफ करायला गिंप, पानं लावायला स्क्राइबस. शिकवायला कुणी नव्हतं. वर्षभर खपत होती. मी दुपारी खाली जाऊन बसायची, तेव्हा मला समजावून सांगायची. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. म्हणून इंकस्केपमध्ये काढलेलं चित्र स्क्राइबसमध्ये आणून त्याचे रंग चार शायांच्या हिशेबात पुन्हा बसवायचे. पान जिथे कापलं जाणार, त्याच्या बाहेर तीन मिलिमीटर रंग वाढवून ठेवायचा, म्हणजे कापणाऱ्याचा हात थोडा सरकला तरी कडेला पांढरी रेघ दिसत नाही.

“म्हणजे शिवताना आपण आतून कापड सोडतो तसं,” मी म्हटलं.

“तस्संच! आणि बारीक अक्षरं नेहमी एकट्या काळ्या शाईत. चार शायांची केली तर चारही एकावर एक नेमक्या पडायला पाहिजेत. केसभर हललं की अक्षराला झालर सुटते.”

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे हेच सगळं लागणार आहे.

आमच्या स्नेहवर्धिनी मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. डिसेंबरात दोनशे पानांची स्मरणिका काढायची आणि त्याआधी, जुलैत, एक छोटी पुस्तिका, असं ठरलं. दोन्हींची मांडणी हर्षदाकडे. स्मरणिकेसाठी ती आठ महिने घरोघर जाऊन जुने फोटो गोळा करत होती. काजूकतलीच्या रिकाम्या डब्यांतून, कपाटांतल्या पत्र्याच्या पेट्यांतून तिने तीनशेच्या वर फोटो मिळवले. बुरशी लागलेले, दुमडलेले, एकमेकांना चिकटलेले. एकेका चेहऱ्यावरचा डाग ती दोन-दोन तास काढत बसायची. हे काम तिला मंडळाचं राहिलं नव्हतं, स्वतःचं झालं होतं. तिची आईसुद्धा त्यातल्या एका फोटोत निघाली होती, तिसऱ्या रांगेत, अर्धी झाकलेली.

पुस्तिकेची आतली सोळा पानं नुसत्या काळ्या शाईची, ती विद्यानगरातच छापून निघाली. रंगीत मुखपृष्ठ मात्र दिलसुखनगरच्या प्रकाशच्या प्रेसमध्ये द्यायचं होतं. प्रकाश केशवरावांच्या ओळखीतला. केशवराव आमचे अध्यक्ष, महसूल खात्यातून निवृत्त. पुढच्या बाजूला हर्षदाने मंडळाच्या पहिल्या खोलीच्या जाळीदार खिडकीचं चित्र काढलं होतं आणि मागच्या बाजूला एक्कावन्न संस्थापकांची नावं, बारीक अक्षरांत. माझे यजमान मुकुंदराव त्यात अठ्ठेचाळीसावे.

तीन जुलैला हर्षदाने नमुना आणून दिला. एकाच बाजूला छापलेला, पूर्ण आकाराचा. कापण्याच्या खुणा बघून वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतात, म्हणून तिने तो कडेने नीट कापूनही आणला होता. दाराशीच माझ्या हातात देऊन ती गेली, तिचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. आमच्या मंडळात पहिल्या दिवसापासून एक रीत आहे. छपाईला जाणारा पहिला कागद गणपतीपुढे ठेवायचा आणि त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, मग अध्यक्षांनी मागे सही करायची. हळदकुंकवाचा मान विमलताईंचा. त्या ब्याऐंशी वर्षांच्या, संस्थापकांपैकी हयात असलेल्या एकट्या. त्यांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला, केशवरावांनी पाठीमागे सही केली आणि कागद प्रेसकडे रवाना झाला. फाइल हर्षदाने त्याआधीच मेलने पाठवली होती. सही केलेला कागद जातो तो नुसता रंग ताडून बघण्यासाठी.

अकरा जुलैला पाचशे मुखपृष्ठं आली. खिडकीचं चित्र मळकट. उजव्या कडेला पांढरी रेघ. नावं पुसट. आणि मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या तीन नावांवर, शाई सांडल्यासारखा तपकिरी डाग. प्रत्येक प्रतीवर.

तेरा तारखेला केशवरावांच्या घरी बैठक झाली. विमलताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्या आल्या नव्हत्या. केशवरावांनी प्रत हर्षदाच्या समोर, टेबलाच्या पलीकडून धरली, हलवली आणि परत फोल्डरमध्ये ठेवली.

“हे काय आहे, हर्षदा?”

“काका, माझी फाइल तपासलेली होती. जरा बघू द्या.”

“बघण्यासारखं काय राहिलंय? मी प्रकाशला विचारलं. तो म्हणतो, फुकटचं सॉफ्टवेअर, त्यातून असंच निघणार.”

सारंग नावाचा एक तरुण सभासद आहे. मूळचा पुण्याचा, कोंडापूरकडे राहतो, मोठ्या आयटी कंपनीत आहे. तो म्हणाला, “ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ही टूल्स हॉबीसाठी ठीक असतात. प्रोफेशनल कामाला कोणी वापरत नाही.”

हर्षदाने त्याच्याकडे पाहिलं. “तुमच्या ऑफिसातले सर्व्हर कशावर चालतात?”

“लिनक्सवर.”

“ते पण फुकटच ना?”

“ते वेगळं.”

“हौ, ते वेगळं. ते तुमचं आहे.”

हशा झाला, पण तो तिच्या बाजूचा नव्हता. केशवरावांनी पत्र काढून ठेवलं. सोळा तारखेपर्यंत सही करून दिली तर स्मरणिकेचं काम तिच्याकडे ठेवण्याचा विचार होईल. नाही तर फोटो आणि सगळं साहित्य प्रकाशच्या ऑपरेटरकडे जाईल.

ज्या वस्तूबद्दल तिला दोषी धरलं ती वस्तू तिच्या हातात कुणी दिली नाही. पाचशे प्रती गठ्ठ्याने पडल्या होत्या आणि तिला एक मिळाली नाही. माझ्या पिशवीत होती. मी तिथेच बसले होते आणि मी तोंड उघडलं नाही. चष्मा घरी राहिला होता, हे कारण मी माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलं आहे. वाचताना मलाच ते पटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुकुंदरावांचं नाव बघायला भिंग घेतलं. नाव काळं नव्हतंच. प्रत्येक अक्षर गुलाबी, निळ्या, पिवळ्या ठिपक्यांचं, कडेला झालर सुटलेली. मी तशीच प्रत घेऊन खाली उतरले. हर्षदा टेबलाशी बसली होती. समोर फाइल उघडी, बाजूला ते पत्र आणि पेन.

“कालपासून तपासतेय, काकू. काही सापडत नाही. म्हणजे असेलच काही तरी, मला कळत नसेल.” तिने पेन उचललं. “सही करते. फोटो तरी माझ्याकडे राहतील.”

“सही केलीस तर उद्या कोण काम देईल तुला? दिलसुखनगरात प्रत्येक प्रेसमध्ये हे पत्र फिरेल. आधी हे बघ.”

तिने भिंगातून पाहिलं. एकदा, दोनदा. मग खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली.

“काकू, हे माझं नाही.”

“म्हणजे?”

“माझ्या फाइलमध्ये ही अक्षरं एकट्या काळ्या शाईत आहेत. ती चार रंगांच्या ठिपक्यांची होऊच शकत नाहीत. आणि ही पांढरी रेघ! मी तीन मिलिमीटर रंग बाहेर ठेवलाय, हा बघा पडद्यावर. त्यांनी फाइल वापरलीच नाही. कागद स्कॅन केलाय. कापलेला नमुना!”

“आणि हा डाग?”

“तो माझ्या नमुन्यावर नव्हता. छापून आणला तेव्हा स्वच्छ होता.”

मी भिंग डागावर धरलं. गोल, लांबट. आत बारीक रेषा. आणि त्या रेषांना तिरकी छेदणारी एक पांढरी, स्वच्छ खूण. विमलताईंच्या उजव्या अंगठ्यावर विळीने झालेल्या जखमेची खूण आहे. नारळ खोवताना लागलं होतं, मीच त्यांना तारनाक्याच्या दवाखान्यात नेलं होतं.

मी वर जाऊन रोजनिशीतलं तीन जुलैचं पान काढून आणलं आणि तिला वाचून दाखवलं. ‘विमलताईंनी हळदकुंकू लावले. जास्त ओले झाले, अंगठा कागदावर उमटला. मी म्हटले, पुसू का? म्हणाल्या, देवाचे आहे, राहू दे.’

पाचशे प्रतींवर विमलताईंचा अंगठा छापला होता. हर्षदा हसायला लागली, मग तोंडावर पदर धरून रडली. मी पत्र उचललं आणि पिशवीत टाकलं.

सोळा तारखेची बैठक मी विमलताईंच्या घरी, तारनाक्याला घ्यायला लावली. त्यांना प्रवास नको, हे कारण सांगितलं. केशवराव आल्या आल्या म्हणाले, “झाली का सही?”

“आज दुसऱ्याच कुणाची तरी घ्यायची आहे,” मी म्हटलं आणि विमलताईंपुढे शाईचा पॅड ठेवला. “ताई, उजवा अंगठा.”

“अगं, मॅट्रिक झालेली बाई मी! जन्मभर सही केली आणि आता अंगठा लावायला सांगतेस?”

“एकदाच.”

त्यांनी लावला. मी कागद आणि मुखपृष्ठ शेजारी शेजारी ठेवून भिंग केशवरावांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. सारंगने त्यांच्या हातातून घेऊन पाहिलं. मोबाइलने दोन्हींचे फोटो काढून मोठे केले आणि मान खाली घातली. एवढं मात्र खरं की तो सरळ म्हणाला, “हा स्कॅनच आहे. हे डिझाइनमधून येणं शक्य नाही.”

विमलताई म्हणाल्या, “म्हणजे माझा अंगठा पाचशे घरी जाणार होता?”

मी प्रकाशला फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी तो तेच म्हणत राहिला. “मैं बोला ना अम्मा, फाइलिच खराब थी.”

“फाइल खराब थी, तो उस पे कुंकू कां से आया? हमारी ताई का अंगठा कां से आया?”

मागे मशीनचा खडखडाट.

“अम्मा, क्या हुआ बोले तो, हमारे सिस्टम पे फाइल खुलीच नै. पुराना सॉफ्टवेअर है हमारा, असली भी नै है, आप से क्या छुपाना. ऑपरेटर बोला, कागज साफ है, सही भी है, स्कॅन मार देता.”

“तो फोन काय कू नै किया उसको?”

“सोचा, औरत जात है, घर पे काम करती, उसको क्या मालूम.”

हे वाक्य खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. चोरीच्या सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस आमच्या हर्षदाच्या प्रामाणिक कामाला फुकटचं म्हणतो आणि आमचा अध्यक्ष ते टाइप करून आणतो! फोन मी बंद केला की पडला, मला आठवत नाही.

केशवराव घसा साफ करून म्हणाले, “ठीक आहे. गैरसमज झाला. प्रकाशकडून पुन्हा छापून घेऊ. इतिवृत्तात ‘तांत्रिक अडचणीमुळे फेरछपाई’ असं लिहू, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.”

इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मी पेनला टोपण लावलं. पण बोलली हर्षदा. तोपर्यंत ती दाराजवळच्या स्टुलावर बसून होती, तिला कुणी आत बोलावलंच नव्हतं.

“काका, तांत्रिक अडचण म्हणजे परत माझंच नाव. फक्त लपवून.”

“असं कसं? तुझं नाव कुठे आहे त्यात?”

“पत्रात होतं तेव्हा तुम्हाला लिहायला वाईट वाटलं नाही. आता प्रकाशचं लिहायला वाईट वाटतंय?”

विमलताईंनी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा सारखा केला. “केशव, खरं आहे तेवढं लिही. माझा अंगठासुद्धा लिही.”

मी लिहिलं. फाइल निर्दोष होती. प्रेसने फाइल न वापरता नमुन्याच्या कागदावरून छपाई केली आणि दोष हर्षदावर ठेवला. अध्यक्षांनी शहानिशा न करता तो मान्य केला. शेवटचं वाक्य गाळावं असं केशवरावांचं म्हणणं पडलं. मी गाळलं नाही. स्मरणिकेचं काम हर्षदाकडेच राहील, हा ठराव त्याच पानावर आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. केशवरावांची सर्वांत बारीक.

फेरछपाई दुसऱ्या प्रेसकडे दिली. त्यांनी फाइल उघडली आणि छापली, कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही. त्याआधी, चोवीस तारखेला, विमलताईंच्याच घरी नमुना पुन्हा गणपतीपुढे ठेवायचा होता. हर्षदाने या वेळी दोन प्रती आणल्या. एकीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘देवासाठी. छापू नये.’

विमलताईंनी ते मोठ्याने वाचलं. “देवाला छापता येत नाही वाटतं?”

“येतं हो, ताई,” हर्षदा म्हणाली, “पण देवाकडे स्कॅनर असला तर काय करू?”

मग विमलताईंनी देवाच्या प्रतीवर चांगला ओलाचिंब अंगठा दाबला. दुसरी प्रत केशवरावांपुढे आली. मागच्या पानाच्या तळाशी हर्षदाने एक ओळ वाढवली होती: ‘मांडणी: हर्षदा. इंकस्केप, गिंप आणि स्क्राइबस या खुल्या सॉफ्टवेअरवर.’

केशवरावांनी पेन थांबवलं. “सॉफ्टवेअरचं नाव कशाला? कुणी लिहितं का असं?”

“पत्रात तुम्ही लिहिलं होतंत ना काका, फुकट सॉफ्टवेअर. त्याची नावं आहेत, तेवढी सांगितली.”

त्यांनी सही केली. मला वाटलं, आता ते काही तरी म्हणतील. एक शब्द पुरला असता. त्यांनी पेन खिशाला लावलं.

मग मी पिशवीतून ते पत्र काढलं. रेघेखालचं हर्षदाचं नाव पट्टी ठेवून सरळ खोडलं आणि त्याच्यावर केशवरावांचं नाव लिहिलं. वर दोनच बदल केले, ‘मी वापरत असलेल्या फुकट सॉफ्टवेअरमुळे’ खोडून ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं घातलं आणि ‘मागते’चं ‘मागतो’ केलं. बाकी मजकूर त्यांचाच होता, चांगला होता. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि वर माझं पेन.

त्यांनी तो वाचला. पेन हातात घेतलं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं.

“विमलताई,” ते म्हणाले, “चहाचं काय झालं?”